पाण्यातला उलटा पतंग

होडीतून जाताना बाजूने हात पाण्यात सोडून बसण्याचा मोह बहुतेकांना होतो. बोटे होडीच्या दिशेने पुढे करून तळहात सपाट धरला, तर तो पाणी कापत सरळ जातो. बोटांकडची बाजू थोडी वर उचलली की हात वर ढकलला जातो, आणि तीच बाजू थोडी खाली कलवली की हात खाली खेचला जातो. होडीचा वेग वाढला, की ही ओढही वाढते.

विमानाचा पंख शिकवताना आपण हे उदाहरण देतो आणि पुढे जातो. पण याच अनुभवाच्या आधारावर गेल्या दीडशे वर्षांत किती वेगवेगळ्या लोकांनी साधने बनवली, हे पाहिले म्हणजे आश्चर्य वाटते. त्यांत चोरून मासे पकडणारे होते, ट्रॉलरचे मालक होते, नौदलाचे अधिकारी होते, समुद्रातले सूक्ष्मजीव मोजणारा शास्त्रज्ञ होता आणि सुटीच्या दिवशी तळ्यावर जाणारे हौशी मासेमारही होते. या सर्वांपुढे प्रश्न एकच होता. चालत्या बोटीमागे ओढलेली वस्तू आपल्याला हव्या त्या जागी, हव्या त्या खोलीवर कशी ठेवायची? या प्रश्नाचा आणि त्याच्या उत्तरांचा इतिहास आपण या लेखात पाहू.

पोस्टकार्डाएवढा अडथळा

सुरुवात मासेमारापासून करू. चालत्या होडीमागे गळ ओढत नेऊन मासे पकडण्याच्या पद्धतीला ट्रोलिंग म्हणतात. ट्रॉलिंग हा शब्द ऐकायला याच्यासारखाच असला, तरी त्याचा अर्थ जाळे ओढत नेणे असा आहे. ट्रोलिंगमध्ये जाळे नसते. एका दोरीच्या टोकाला गळ आणि त्यावर चकचकीत धातूचे किंवा प्लॅस्टिकचे नकली आमिष असते. होडी चालू लागली की आमिष वळवळत, चमकत पोहू लागते. मोठ्या माशाला ती पळणारी लहान मासळी वाटते आणि तो झडप घालतो.

मासा पृष्ठभागाजवळ असेल तोवर हे सोपे आहे. मासा तीस मीटर खोल असेल तर काय करायचे? कोणीही सांगेल, की दोरीला शिसे बांधावे. होडी उभी असेल, तर शिसे सरळ खाली जाईल यात शंका नाही. होडी चालू लागली की मात्र ते मागे आणि वर येऊ लागते.

याचे कारण समजण्यासाठी एक लहानसे गणित करू. दोरीची जाडी ०.४ मिलिमीटर आणि पाण्यातली लांबी ३० मीटर समजा. दोरी पाण्यात उभी असेल, तर तिची पाण्यासमोर येणारी बाजू किती होईल? ०.४ गुणिले ३०,००० म्हणजे १२,००० चौरस मिलिमीटर, अर्थात १२० चौरस सेंटिमीटर. आपल्या पोस्टकार्डाचे क्षेत्रफळ जवळपास एवढेच असते. म्हणजे दिसायला केसासारखी बारीक असलेली ही दोरी ओढताना, एक पोस्टकार्ड आडवे धरून पाण्यातून ओढल्यासारखे होते! होडी सेकंदाला एक मीटर, म्हणजे सावकाश चालणाऱ्या माणसाच्या वेगाने जात असली, तरी या दोरीला पाण्याचा विरोध सुमारे साडेसहाशे ग्रॅम वजनाइतका होतो. उलट, १०० ग्रॅमच्या शिशाचे पाण्यातले वजन उरते जेमतेम ९१ ग्रॅम. प्रत्यक्षात दोरी तिरपी होते आणि विरोध कमी होतो. पण ती तिरपी होणे म्हणजेच शिशाने वर येणे.

पुढे आणखी एक अडचण आहे. पाण्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की विरोध चौपट. शिशाचे वजन मात्र आहे तेवढेच राहते. म्हणून वजन बांधलेला गळ होडी हळू झाली की खाली बसतो आणि वेगाने गेली की वर येतो. वजनाच्या मार्गाने जाणाऱ्याला वेगाशी सतत भांडावे लागते.

तरीही लोकांनी हा मार्ग सोडला नाही. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात सेथ ग्रीन (१८१७–१८८८) हा मत्स्यपालनाचा एक आद्य प्रवर्तक होऊन गेला. कॅलेडोनिया या गावी १८६४ साली त्याने माशांची अंडी उबवण्याचे केंद्र सुरू केले. त्या राज्यातल्या खोल तळ्यांत लेक ट्राउट पकडण्यासाठी एका जड वजनाच्या मुख्य दोरीला ठरावीक अंतरावर पाच-सहा गळांचे फाटे जोडण्याची पद्धत आजही त्याच्या नावाने ओळखली जाते. मासे नेमके किती खोल आहेत हे कळत नसेल, तर एकाच वेळी अनेक खोल्यांवर आमिष ठेवावे, हा त्यातला विचार. विचार चांगला होता. पण मासा लागला की ते सगळे वजन आणि सगळे फाटे हाताने वर ओढावे लागत.

पाणमांजर नावाची फळी

वेगाशी भांडण्याऐवजी वेगालाच कामाला लावण्याची युक्ती आयर्लंड, स्कॉटलंड आणि स्कँडिनेव्हिया येथील तळ्यांच्या काठी फार पूर्वीपासून माहीत होती. ती कोणी शोधली याची नोंद नाही. एक लाकडी फळी घ्यायची, तिच्या एका लांब कडेला शिसे ठोकायचे, म्हणजे ती पाण्यात उभी तरंगते. फळीला दोन ठिकाणी दोऱ्या बांधून त्या पुढे एकत्र आणायच्या आणि तिथून लांब दोरी हातात घेऊन काठाकाठाने चालू लागायचे. फळी मागून फरफटत येत नाही. ती काठापासून दूर, तळ्याच्या मध्याकडे सरकत जाते. दोरीला ओळीने गळ लावलेले असतात. काठावर उभे राहून गळ जिथे फेकता येत नाही, तिथे ते अशा रीतीने आपोआप पोचतात.

फळीला दूर नेणारे हे बळ आपल्या ओळखीचेच आहे. संक्रांतीच्या सुमारास पतंग उडवणाऱ्या मुलाला ते पुस्तकाशिवाय ठाऊक असते. पतंगाच्या काडीला दोन ठिकाणी दोरा बांधून जी कणी करतात, तिच्यामुळे पतंग वाऱ्याला ठरावीक कोनात तिरपा धरला जातो. वारा त्याला मागे ढकलतो आणि त्याच वेळी वरही ढकलतो. कणीची गाठ थोडी वर-खाली सरकली, तर पतंग गोते खातो किंवा उचलतच नाही. तळ्यातली फळी म्हणजे आडवा उडणारा पतंग. वाऱ्याच्या जागी पाणी, आणि मांजाच्या जागी गळांची दोरी. पाण्याची घनता हवेच्या सुमारे आठशे पट असल्यामुळे लहानशा फळीलाही पुष्कळ ओढ मिळते.

या फळीला इंग्रजीत ऑटर, म्हणजे पाणमांजर, असे नाव पडले. मासे पकडण्यात ती त्या प्राण्याइतकीच पटाईत होती. इतकी पटाईत, की एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमधील मासेमारीच्या कायद्यांनी सामन माशासाठी तिचा वापर बेकायदा ठरवला आणि ती चोरट्या मासेमारांचे हत्यार म्हणून बदनाम झाली.

कायद्याने हाकललेली ही फळी लवकरच दुसऱ्या दाराने आत आली. समुद्रात जाळे ओढणाऱ्या बोटी जाळ्याचे तोंड उघडे ठेवण्यासाठी एक लांबलचक लाकडी वासा वापरत. वाशाची लांबी वाढवायला मर्यादा होती, म्हणून जाळ्याच्या रुंदीलाही मर्यादा होती. स्कॉटलंडमधील ग्रँटन बंदरातल्या स्कॉट नावाच्या गृहस्थाने १८९४ साली वासा काढून टाकला आणि जाळ्याच्या दोन्ही बाजूंना एकेक ऑटर फळी बांधली. बोट चालू लागली की एक फळी डावीकडे आणि दुसरी उजवीकडे पळू पाहते, आणि जाळ्याचा आ आपोआप वासला जातो. वाफेच्या बोटी तोवर आल्याच होत्या. वाफेचे इंजिन आणि ऑटर फळ्या एकत्र येताच उत्तर समुद्राच्या तळावरची मासळी झपाट्याने उपसली जाऊ लागली.

त्याचा परिणाम दिसायला वेळ लागला नाही. वॉल्टर गार्स्टँग या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञाने १९०० साली एक निबंध लिहिला. समुद्र दरिद्री होत चालला आहे, असेच त्याच्या शीर्षकाचे म्हणणे होते. बोटींची मासे पकडण्याची ताकद भराभर वाढत होती, पण तिच्या मानाने पदरात पडणारी मासळी घटत होती, हे त्याने आधीच्या दहा वर्षांच्या आकड्यांवरून दाखवून दिले. समुद्र अथांग आहे, त्यातले मासे कधी संपणार नाहीत, असे मानण्याचा तो काळ होता. त्या काळात हे म्हणणे धाडसाचेच होते.

सुरुंग कापणारा पतंग

पहिले महायुद्ध १९१४ साली सुरू झाले आणि समुद्रात सुरुंग पेरले जाऊ लागले. हे सुरुंग तळाशी ठेवलेल्या वजनाला लोखंडी दोराने बांधलेले असत आणि पृष्ठभागाखाली थोड्या अंतरावर तरंगत राहत. वरून ते दिसत नसत. ते काढण्याच्या कामाला ब्रिटिश नौदलाने मासेमारीचे ट्रॉलर आणि त्यांवरचे कोळीच घेतले. दोन ट्रॉलर समांतर चालत आणि त्यांच्यामध्ये एक लोखंडी दोर ओढत. तो दोर वर येऊ नये म्हणून त्याला पाण्यात खाली जाणाऱ्या जड फळ्या जोडलेल्या असत. नौदलाच्या भाषेत त्यांचे नाव होते काइट, म्हणजे पतंगच! पुढे एकट्या बोटीने सुरुंग काढण्याची पद्धत आली. तिच्यात दोर खाली दाबणारी ती काइट आणि दोर बाजूला नेणारी ती ऑटर, अशी दोन्ही नावे शेजारी शेजारी नांदू लागली.

प्रत्येक जहाजापुढे ट्रॉलर धावू शकत नाहीत. जहाजाने स्वतःच स्वतःचे रक्षण करावे, यासाठी डेनिस्टन बर्नी या नौदल अधिकाऱ्याने युद्धकाळात पॅराव्हेन नावाचे साधन तयार केले. आकाराने ते लहानशा विमानासारखे दिसे. जहाजाच्या नाळेपासून दोन्ही बाजूंना एकेक पॅराव्हेन लोखंडी दोराने ओढले जाई. त्याचा उभा पंख त्याला जहाजापासून दूर नेई, आणि पाण्याच्या दाबावर चालणारी झडप एक आडवे सुकाणू हलवून त्याला ठरावीक खोलीवर ठेवी. सुरुंगाचा दोर जहाजाच्या वाटेत आला, तर तो या तिरप्या दोरावरून घसरत बाहेर जाई आणि पॅराव्हेनवरच्या कात्रीत सापडून तुटे. सुटलेला सुरुंग वर आला की तो बंदुकीने फोडता येई. व्यापारी जहाजांसाठी याचा एक साधा प्रकार निघाला. त्याचे नावही ऑटर असेच होते.

हे सगळे दूर युरोपात घडत होते असे समजण्याचे कारण नाही. 'वोल्फ' नावाच्या जर्मन जहाजाने १९१७ सालच्या फेब्रुवारीत मुंबईच्या समुद्रात गुपचूप सुरुंग पेरले. पी अँड ओ कंपनीची प्रवासी बोट 'मोंगोलिया' त्यांतल्याच एका सुरुंगावर आदळून २३ जून १९१७ रोजी मुंबईच्या दक्षिणेला बुडाली. सुरुंग पेरून चार महिने उलटले होते, आणि ते पेरणारे जहाज केव्हाच दूर निघून गेले होते.

सासऱ्यांचा इशारा, जावयाचे यंत्र

युद्धानंतर हीच कल्पना एका जीवशास्त्रज्ञाच्या हाती आली. ॲलिस्टर हार्डी हा तरुण शास्त्रज्ञ १९२५ साली 'डिस्कव्हरी' जहाजावरून दक्षिण महासागराच्या मोहिमेवर गेला. देवमाशांचे खाद्य कुठे किती आहे, हे शोधणे हे त्या मोहिमेचे एक काम होते. समुद्रात तरंगणारे सूक्ष्म जीव, म्हणजे प्लवक, सगळीकडे सारखे पसरलेले नसतात. जहाज थांबवून एके ठिकाणी जाळी टाकली, तर तेवढ्याच जागेची माहिती मिळते. शेकडो किलोमीटरची सलग नोंद हवी, तर चालत्या जहाजामागे यंत्र ओढले पाहिजे.

हार्डीने तसे यंत्र बनवले. पुढच्या बाजूला खाली नेणारे पंख, त्यामुळे यंत्र सात ते दहा मीटर खोलीवर राहते. नाकाशी एक लहान भोक, त्यातून पाणी आत येते आणि रेशमी पट्टीतून गाळले जाते. शेपटीकडे एक पंखा असतो. तो वाहत्या पाण्याने फिरतो आणि त्याच्या जोरावर रेशमी पट्टी हळूहळू गुंडाळली जाते. जहाज वेगाने गेले तर पट्टीही वेगाने सरकते. त्यामुळे पट्टीची ठरावीक लांबी म्हणजे समुद्रातले ठरावीक अंतर, हा हिशेब वेग बदलला तरी बिघडत नाही. पकडलेले प्लवक फॉर्मॅलिनमध्ये टिकवले जातात. या यंत्राला वीज लागत नाही आणि त्याच्यासाठी वेगळे जहाजही लागत नाही.

उत्तर समुद्रात नेहमीच्या व्यापारी जहाजांमागे हे यंत्र १९३१ पासून ओढले जाऊ लागले. दुसऱ्या महायुद्धाची वर्षे वगळता हे काम आजवर चालू आहे. त्यातून काय मिळाले? उष्ण पाण्यात राहणाऱ्या प्लवकांच्या काही जाती ईशान्य अटलांटिकमध्ये चाळीस वर्षांत सुमारे दहा अक्षांश उत्तरेकडे सरकल्या, हे २००२ साली या नोंदींवरून दाखवता आले. पुढे २००४ साली शास्त्रज्ञांनी जुन्या पट्ट्या पुन्हा तपासल्या, तेव्हा १९६० च्या दशकापासून पाण्यातले प्लॅस्टिकचे सूक्ष्म तुकडे वाढत आलेले दिसले. पट्ट्या जमवल्या तेव्हा कोणी प्लॅस्टिक शोधत नव्हते. त्या नीट जपून ठेवल्या म्हणून हे कळले.

या कथेत एक घरगुती धागाही आहे. हार्डीची पत्नी सिल्व्हिया ही वॉल्टर गार्स्टँगची मुलगी. ऑटर फळ्यांनी समुद्र रिता होतो आहे हे सासऱ्यांनी सांगितले. जावयाने त्याच तत्त्वावरचे साधन समुद्राची तब्येत पाहण्यासाठी वापरले.

मिशिगन सरोवरातले सामन

आता पुन्हा गळाकडे येऊ. हौशी मासेमारांमध्ये खोल पाण्यातले ट्रोलिंग घरोघर पोचले, त्याला उत्तर अमेरिकेतील पंचमहासरोवरांवर घडलेली एक घटना मोठ्या प्रमाणावर कारण झाली.

नायगारा धबधबा हा समुद्रातल्या जीवांना वरच्या सरोवरांकडे जाऊ न देणारा नैसर्गिक बांध होता. त्याला वळसा घालणारा वेलंड कालवा १८२९ मध्ये उघडला. काही दशकांनंतर लॅम्प्रे नावाचा, माशांचे रक्त शोषणारा जीव वर पोचला. मिशिगन सरोवरात तो १९३६ साली आढळला. तिथला मुख्य शिकारी मासा म्हणजे लेक ट्राउट. लॅम्प्रेमुळे आणि बेसुमार मासेमारीमुळे तो जवळपास नाहीसा झाला. खाणारे कोणी उरले नाही, तेव्हा समुद्रातून आलेल्या एलवाइफ या लहान माशाचे पीक अफाट वाढले. हे मासे १९६७ च्या उन्हाळ्यात इतके मेले, की शिकागोपर्यंतच्या किनाऱ्यांवर कुजलेल्या माशांचे ढीग साचले.

मिशिगन राज्याच्या मत्स्यविभागाचे प्रमुख हॉवर्ड टॅनर यांनी एक धाडसी उपाय केला होता. पॅसिफिक किनाऱ्यावरील ऑरेगनमधून कोहो सामनची अंडी आणून, वाढवलेली पिले त्यांनी १९६६ च्या वसंतात मिशिगन सरोवराला मिळणाऱ्या नद्यांत सोडली. समोर एलवाइफचे ताट वाढलेले होते. दीड वर्षात ती पिले चार-पाच किलोंची झाली. ही बातमी पसरताच १९६७ च्या सप्टेंबरात हजारो लोक मिळेल ती होडी घेऊन सरोवरावर धावले. वादळाचा इशारा होता. पण माशांच्या ओढीने तो पुष्कळांनी मनावर घेतला नाही. २३ सप्टेंबर रोजी वादळात सात मासेमार बुडून मरण पावले.

शरद ऋतूत सामन नदीच्या तोंडाशी येतात, तेव्हा ते उथळ पाण्यात सापडतात. उन्हाळ्यात ते कुठे असतात? उन्हाळ्यात सरोवराचे पाणी थरांनी विभागते. वरचा थर उबदार आणि हलका असतो. तळाशी चार अंशांच्या आसपासचे थंड, जड पाणी असते. दोहोंच्या मध्ये काही मीटरांतच तापमान झपाट्याने उतरते. या पट्ट्याला थर्मोक्लाइन म्हणतात. सामनला साधारण १२ अंशांचे पाणी मानवते, आणि ते पाणी कधी पंधरा, कधी तीस मीटर खाली असते. म्हणजे दोरीला थर्मामीटर बांधून खाली सोडणे ही मासेमारीची पहिली पायरी झाली. दुसरी पायरी अर्थात आमिष त्या खोलीवर पोचवणे.

दोन उत्तरे

यासाठी दोन साधने रूढ झाली. ती आपण पाहिलेल्या दोन मार्गांचीच वारस आहेत.

पहिले साधन डाउनरिगर. त्यात वजनाचा मार्ग आहे, पण वजन गळाच्या दोरीवर नसते. होडीच्या कडेला एक रहाट असतो आणि त्यावरून बारीक पोलादी तारेने चार-पाच किलोंचा शिशाचा गोळा खाली सोडतात. गळाची दोरी गोळ्याजवळ एका चिमट्यात अडकवलेली असते आणि आमिष त्याच्या मागे काही मीटरांवर पोहत असते. दोरी ताणून काठी वाकवून ठेवतात. मासा लागला की चिमट्यातून दोरी सुटते, वाकलेली काठी एकदम ताठ होते आणि मासेमाराला कळते. मग मासा आणि माणूस यांच्यामध्ये कुठलेही वजन राहत नाही. सेथ ग्रीनच्या दोरीचा मोठा दोष अशा रीतीने गेला. रहाटावरच्या मोजपट्टीमुळे खोलीही कळते. पण वेगाचा नियम येथेही सुटलेला नाही. गोळ्याला होणारा विरोध थोडा असतो. तारेला होणारा पुष्कळ. म्हणून तार जितकी बारीक तितकी चांगली.

दुसरे साधन डायव्हर. ही ताटलीच्या आकाराची प्लॅस्टिकची लहान चकती असते. तिच्या वरच्या अंगाला एक दांडी असते आणि गळाची मुख्य दोरी त्या दांडीला बांधतात. दांडी खाचेत अडकलेली असेपर्यंत चकतीचा पुढचा भाग खाली कललेला राहतो. होडी पुढे जाते, पाणी चकतीच्या वरच्या अंगावर आदळते आणि तिला खाली दाबते. पतंग उलटा धरावा, तसे हे झाले.

चकतीच्या मागच्या कडेला फिरती कडी, तिच्यापुढे दीड-दोन मीटर दोरा आणि शेवटी आमिष अशी जोडणी असते. हा मागचा दोरा काठीपेक्षा लांब ठेवून चालत नाही. चकती काठीच्या टोकाशी येऊन अडते. दोरा त्याहून लांब असेल, तर मासा होडीपासून दूरच राहतो आणि हातजाळीत घेता येत नाही. नवशिके ही चूक हमखास करतात. चकती खाली सोडताना दोरी एकदम सैल सोडायची नसते. पतंगाला ढील देतो तशी, ताण ठेवून सावकाश द्यावी लागते, कारण ताण गेला की चकती नुसतीच लटकते.

मासा लागला की मागून झटका बसतो, दांडी खाचेतून सुटते आणि ओढण्याचा बिंदू चकतीच्या पुढच्या कडेवर सरकतो. कणीची गाठ सरकली की पतंगाचा कोन बदलतो, तेच येथे होते. चकती पाण्याला समांतर होते, तिची ओढ संपते आणि ती सहज वर येते. आमिष बदलायचे असेल, तर काठीला एक हिसका देऊन मासेमार स्वतःच दांडी सोडवतो. डिप्सी डायव्हर या नावाच्या चकतीत तळाचे वजन डावी-उजवीकडे फिरवता येते. ते मध्यावर असेल तर चकती सरळ खाली जाते. बाजूला फिरवले तर ती खाली जाताना बाजूलाही सरकते, पण तेवढी खोल जात नाही. अशा रीतीने एका होडीमागे अनेक दोऱ्या एकमेकींत न गुंतता पसरतात. तळ्याकाठची आडवी फळी आणि नौदलाची काइट या दोन्ही एका चकतीत आल्या, असे म्हणायला हरकत नाही.

वेग वाढला तर या चकतीचे काय होते? पाण्याचा खाली दाबणारा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, आणि चकतीला व दोरीला मागे ओढणारा जोरही वेगाच्या वर्गानेच वाढतो. दोन्ही सारख्याच पटीने वाढल्यामुळे त्यांचे गुणोत्तर फारसे बदलत नाही, आणि दोरीचा कोनही फारसा बदलत नाही. म्हणून शिशाचा गळ वेगाबरोबर वर येतो, पण चकती जवळजवळ आहे त्याच खोलीवर राहते. तिची खोली मुख्यतः दोरी किती सोडली आणि ती किती जाड आहे यांवर ठरते. वेगासोबत ताण मात्र वाढतो; काठी भक्कम लागते.

खोलीचे कुलूप

साधनांचा हा इतिहास वाचताना एक गोष्ट नजरेआड होऊ देऊ नये. ज्या काळात खोल पाण्यापर्यंत गळ वा जाळे पोचत नव्हते, त्या काळात खोली हेच माशांचे संरक्षण होते. ते कोणी कायद्याने दिलेले नव्हते. आपल्या अवजारांच्या दुबळेपणाने दिलेले होते. फळी, पंख आणि चकती यांनी ते कुलूप एकेक करून उघडले. उघडलेले कुलूप पुन्हा लावता येत नाही. मग मर्यादा माणसालाच घालून घ्यावी लागते.

आपल्या किनाऱ्यालाही याचा अनुभव आहे. ऑटर फळ्या लावलेले यांत्रिक ट्रॉलर किनाऱ्याजवळ येऊ लागले, तेव्हा गोव्यात १९७० च्या दशकात रापणकारांनी त्याविरुद्ध आंदोलन उभे केले. रापण म्हणजे किनाऱ्यावरून गावाने मिळून ओढायचे जाळे. ट्रॉलरचा फाळ तळावरून फिरल्यावर रापणीत यायला मासळी उरत नाही, अशी त्यांची तक्रार होती. गोव्यात १९८० साली आणि महाराष्ट्रात १९८१ साली सागरी मासेमारीच्या नियमनाचे कायदे झाले, ते या संघर्षांच्याच काळात.

पंचमहासरोवरांवरही हिशेब चुकता झाला नाही. शेजारच्या ह्युरन सरोवरात २००४ च्या सुमारास एलवाइफ कोसळले आणि त्यांच्यावर जगणारे चिनूक सामनही घटले. परक्या शिंपल्यांनी प्लवक गाळून खाल्ले होते, आणि सामनची भूक मोठी होती. त्यामुळे २०१३ साली मिशिगन सरोवरात सोडायच्या चिनूक पिलांची संख्या सुमारे निम्म्याने कमी करण्यात आली. चकती बरोबर खोलीवर जात होती. प्रश्न तिथे मासा उरण्याचा होता.

वर्गात करून पाहण्यासाठी

शाळेच्या हौदाकाठी हा सगळा धडा अर्ध्या तासात दाखवता येतो. पहिल्यांदा एका दोऱ्याला लहान दगड बांधून तो हौदाच्या कडेने आधी सावकाश आणि मग वेगाने ओढायला सांगा. दगड केव्हा वर येतो, हे मुलांनी पाहावे. नंतर प्लॅस्टिकच्या डब्याचे सपाट झाकण घ्या. पुढे दोन आणि मागे एक अशी तीन भोके पाडून दोरे ओवा आणि ते झाकणाच्या वर एका गाठीत बांधा. पुढचे दोरे मागच्यापेक्षा थोडे आखूड ठेवा. झाकण उलटू नये म्हणून खालच्या अंगाला मधोमध एक लोखंडी वायसर चिकटवा. आता गाठीला दोरी बांधून ओढा. पहिल्याच प्रयत्नात झाकण खाली जाईल असे नाही. दोऱ्यांची लांबी अर्धा-एक सेंटिमीटर कमीजास्त करून पाहावी लागेल. ज्या मुलाला पतंगाची कणी चांगली बांधता येते, त्याला हे काम द्या. तो बहुधा वर्गात सर्वांच्या आधी ते जमवून दाखवील, आणि आपण असे का केले हे त्याला सांगायला लावले, तर बलांच्या समांतरभुज चौकोनाचा धडा तिथूनच सुरू करता येईल.